दुसरं धुराडं

जहाजाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की कोणीतरी ते इंटरनेटवर शोधणार, आणि तिथे त्याला माझंच वाक्य सापडणार. ते आता बऱ्याच ठिकाणी पसरलंय. एकाने तर त्याखाली पुरावा म्हणून सरकारी माहितीपत्रकाचा हवाला दिलाय. ते माहितीपत्रक मी लिहिलं होतं. वाक्य एका ओळीचं आहे, दिसायला निरुपद्रवी आहे आणि धडधडीत खोटं आहे. ते समोर आलं की मला आजही किळस येते. त्यात इतरांची थोडी असते, माझी स्वतःची जास्त असते.

तेव्हा मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते. कोणत्या, ते सोडा. जुनी जहाजं, बंदरं, दीपगृहं यांची कागदपत्रं आमच्याकडे असायची. कोणी माहिती मागितली की ती हुडकायची, हिंदी-इंग्रजीत लिहायची आणि वर सादर करायची, एवढं माझं काम. इमारत भव्य, जिने रुंद, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर पानाच्या पिचकाऱ्या. त्या थांबाव्यात म्हणून कोणीतरी भिंतीत देवांच्या चित्रांच्या फरशा बसवल्या होत्या. लोक देवांना चुकवून थुंकत. मी पदर आवरून, भिंतीला अंग न लावता चढायला शिकले होते. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की आपण घाणीतून जातोय हे लक्षातही येईना.

एकदा तिकिटं काढणाऱ्या मंडळींकडून पत्र आलं. एका जुन्या प्रवासी जहाजावर टपाल तिकीट निघणार होतं. चित्रासाठी फोटो हवा होता, आणि सोबतच्या माहितीपत्रकासाठी दोनशे शब्दांत जहाजाचा इतिहास. जहाजाचं नाव वाचलं आणि मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. ते बाबांचं जहाज होतं.

माझे वडील त्या जहाजावर आगवाले होते. आगवाला म्हणजे तळाच्या भट्टीघरात उभं राहून बॉयलरच्या तोंडात फावड्याने कोळसा टाकणारा माणूस. मी जन्मायच्या आधीच त्यांनी ती नोकरी सोडली, रत्नागिरीला सुताराच्या हाताखाली काम केलं, मला शिकवलं. आई गेल्यावर मी त्यांना मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. तिसरा मजला, ताजी मासळी नाही, आणि हाडं गोठवणारा हिवाळा. त्यांनी कधी तक्रार केली नाही. लेकीच्या घरी राहतो याचा संकोच मात्र त्यांना शेवटपर्यंत होता. जेवताना ते कधी दुसऱ्यांदा भाजी मागत नसत.

आमच्या जिन्याखाली एक इस्त्रीवाला कोळशाच्या इस्त्रीने कपडे कडक करून द्यायचा. बाबा रोज सकाळी त्याच्याजवळ जाऊन बसायचे. अख्ख्या दिल्लीत त्यांना समजणारी ती एकच गोष्ट होती. "पहले राख निकालो भैया, फिर हवा मारो," असं ते त्याला सांगायचे, आणि तो बिचारा ऐकायचाही. वर आले की त्यांच्या स्वेटरला कोळशाचा वास यायचा. माझी मुलगी नाक मुरडायची, आणि खरं सांगायचं तर मीही.

त्या संध्याकाळी मी त्यांना तिकिटाची बातमी सांगितली. त्यांना आधी पटेचना.

"आमच्या बोटीवर? तिकीट? राजाबिजांची असतात ना तिकिटं?"

"आता बोटीचंही असणार. आणि लिहिणार कोण, माहितीय? मी."

ते चष्मा काढून उगाच पुसत बसले. मग पुढचे चार दिवस ते बोलतच राहिले. विलायतेत बांधलेली बोट, लढाईत तिने फौजा वाहिल्या, स्वातंत्र्यानंतर ती आपल्या किनाऱ्याला लागली आणि माणसं, आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांच्या टोपल्या वाहू लागली, हे सगळं मला कागदपत्रांत मिळालंच असतं. बाबांकडे त्याच्या खालचं होतं. वरच्या डेकवर लोकांना वारा लागायचा तेव्हा खाली लोखंडी जिन्याला हात लावता येत नसे. अंगाला ओलं गोणपाट गुंडाळायचं, ते सुकलं की पुन्हा भिजवायचं. चहात साखरेऐवजी मीठ. "एकच धुराडं होतं गो बाय, काळं, वर पांढरा पट्टा. आणि त्याच्या बरोब्बर खाली आम्ही."

त्यांचा एक जोडीदार होता, शेजारच्याच वाडीचा. एका उन्हाळ्यात भर पाळीत तो फावड्यावरच कोसळला. त्याला वर आणेपर्यंत खेळ संपला होता. बोट वेळेवर बंदराला लागली. प्रवासी उतरले. त्यांना कोणी काही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. बाबांनी तीच पाळी पुरी केली, कारण भट्टी विझवता येत नाही. पुढच्याच महिन्यात ते नोकरी सोडून घरी आले.

"त्याचं एक वाक्य घालशील?" त्यांनी विचारलं. "नाव नको. खाली माणसं होती, एवढंच. एक तिथेच गेला, एवढंच."

त्यांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. मी घालीन म्हटलं, आणि घातलंही. दोनशे शब्दांतले अठरा शब्द भट्टीघरातल्या माणसांना दिले.

आता फोटोचं सांगते. आमच्या कार्यालयात फोटो बघत नाहीत. त्याची मागची बाजू वाचतात. मागे जहाजाचं नाव आहे का, नोंदीचा क्रमांक आहे का, गोल शिक्का आहे का? तिन्ही असलं की फोटो खरा. आम्ही सगळे असंच करायचो आणि मीही तेच केलं. कपाटात त्या नावाचं एक पाकीट होतं. त्यातला वरचा फोटो घेतला, उलटा केला, नाव-क्रमांक-शिक्का ताडून बघितला, उलटाच टाचणीने कागदाला लावला आणि फाईल पुढे ढकलली. आगवाल्याच्या मुलीने त्या बोटीचा फोटो हातात धरला आणि सुलटा करून पाहिला नाही.

त्या नावाची जहाजं दोन होती. आधीचं मोठं होतं, दोन धुराड्यांचं. ते मोडीत गेल्यावर कंपनीने तेच नाव बाबांच्या बोटीला दिलं. हे मला कळलं तेव्हा तिकिटाचं चित्र मंजूर होऊन परत आलं होतं. सुंदर चित्र होतं, निळा समुद्र, पांढरं जहाज. आणि वर दोन धुराडी, दोन्हीतून डौलदार धूर निघतोय. चित्राच्या कोपऱ्यात अगदी वरच्या माणसाची हिरव्या शाईतली सही होती.

मी धावतच साहेबांकडे गेले. आमचे साहेब गोड माणूस. कधी आवाज चढवायचे नाहीत. समोर खारे काजू असायचे, आणि बोलताना ते बोटांचं मीठ चाखायचे. तेच बोट ओलं करून मग फाईलचं पान उलटायचे. आमच्या प्रत्येक फाईलचे कोपरे त्यांच्या थुंकीने मऊ पडलेले असत.

त्यांनी चित्र पाहिलं, मग फोटो पाहिला, तोही मागून.

"तो क्या हुआ? नाम तो वही है."

"सर, ये दूसरा जहाज है. हमारे वाले की एक ही चिमनी थी."

"देखिए मॅडम," ते म्हणाले, "चित्र पर साइन हो चुके हैं. वो अब नहीं बदलेगा. बदल क्या सकता है? आपका टेक्स्ट." आणि माझा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. "लिख दीजिए, बाद में दूसरी चिमनी लगाई गई. बात खत्म."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. त्यांनी आणखी एक काजू तोंडात टाकला तेव्हा कळलं की नाही. चित्र चुकलं होतं, म्हणून आता जहाजाने बदलायचं होतं. भंगारात गेलेल्या जहाजावर मला घरबसल्या एक धुराडं चढवायचं होतं.

मी लिहिलं. कोणी माझा हात धरला नव्हता. 'नंतरच्या मोठ्या दुरुस्तीत जहाजावर दुसरे धुराडे बसवण्यात आले.' लिहायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही, इतकी सरकारी भाषा माझ्या हातात मुरली होती. मग शब्द दोनशेच्या वर गेले. काहीतरी काढणं भाग होतं. साहेबांनी कागदावर नजर टाकली आणि भट्टीघराच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. "ये हटा दीजिए. खुशी का टिकट है, इसमें मरना-वरना क्यों?" मी ते काढलं. मृत माणसाच्या जागी धुराडं बरोबर बसलं.

तिकीट निघालं, मोठा समारंभ झाला, भाषणं झाली. आम्हाला मागच्या रांगेत समोसे मिळाले. मी माहितीपत्रक आणि तिकिटांचा एक छोटा गठ्ठा घेऊन घरी आले आणि बाबांच्या हातात ठेवला. न ठेवून कुठे जाणार होते? ते चार महिने वाट पाहत होते.

त्यांनी तिकीट खिडकीशी नेलं. भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं.

"ही कुठची बोट?"

"बाबा, चित्रकाराची चूक झाली."

"दोन धुराडी आहेत."

माझी मुलगी तिथेच अभ्यास करत होती. "धुराडी मतलब?" तिने विचारलं. दिल्लीत वाढलेली पोर, तिला हा शब्द कुठून कळणार?

"चिमनी," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, म्हणाले, "दुसरं धुराडं म्हणजे खाली दुसरी भट्टी. तिथे कोळसा कोण टाकत होतं?"

 त्यांनी माहितीपत्रक उघडलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, हिंदी ते बोट ठेवून सावकाश वाचत. ते जोडीदाराचं वाक्य शोधत होते. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, पुन्हा वर आलं आणि धुराड्याच्या वाक्यावर थांबलं.

"हे पण चित्रकाराने लिहिलं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. दुसरं काय करणार होते? त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. इस्त्रीवाल्याकडे जाणं मात्र चालू ठेवलं.

एवढ्यावर निभावलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. काही महिन्यांनी गाझियाबादहून एक पत्र आलं. लिहिणारे निवृत्त शिक्षक होते, जहाजांची तिकिटं जमवणारे. अक्षर मोत्यासारखं. आपल्याकडे एका जुन्या मासिकातला फोटो आहे, त्यात या जहाजाला एकच चिमणी दिसते, तरी दुसरी कधी बसवली ते कृपा करून कळवावं, असं त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं होतं. पत्राची एक प्रत त्यांनी वरही पाठवली होती. ती वरून फिरत आमच्याकडे आली, लाल चिठ्ठी लावून: पुराव्यासह उत्तर द्यावे.

पुरावा कुठून आणणार? मला वाटलं, आता तरी चूक कबूल करावी लागेल, आणि मला हायसंही वाटलं. साहेबांनी मला बोलावलं. त्यांना सगळं आठवत होतं, पहिल्याच दिवशी मी कौतुकाने सांगितलेलं बाबांचंसुद्धा.

"अरे, आपके पिताजी तो उसी जहाज पर थे ना? उनसे लिखवा लीजिए. इससे बडा सबूत क्या होगा?" वर हसून म्हणाले, "नहीं तो फोटो किसने लगाया, वो भी देखना पडेगा. प्रमोशन की लिस्ट भी बन रही है. आप समझदार हैं."

दोन ओळींचं हिंदी निवेदन त्यांनीच टाइप करून घेतलं. मी त्या जहाजावर नोकरीला होतो, त्यावर दोन चिमण्या होत्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. खाली नाव, पत्ता, सही. तो कागद पर्समध्ये टाकून मी बसने घरी आले. रस्ताभर मी स्वतःला सांगत होते की बाबा सही करणार नाहीत, ते भडकतील, कागद फाडतील. ते फाडोत, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणजे मला काही करावं लागलं नसतं. बघा, किती सोयीस्कर.

बाबा बाल्कनीत उन्हाला बसून शेंगा सोलत होते. मी कागद पुढे केला. त्यांनी तो बोट ठेवून वाचला. दोनदा वाचला.

"सही नाही केली तर?"

"चौकशी होईल. फोटो मी लावला होता."

"तुझी नोकरी जाईल?"

नोकरी जाणार नव्हती. अशा चुकीने सरकारी नोकरी जात नाही. फार तर एक मेमो मिळाला असता, बढती वर्षभर लांबली असती. "नाही बाबा, नोकरी नाही जात," हे पाच शब्द होते. मी ते बोलले नाही. मी खाली टरफलांकडे बघत राहिले. त्यांनी त्या गप्प राहण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि तो मी घेऊ दिला. त्या वाक्यापेक्षा, साहेबांच्या ओल्या बोटापेक्षा, जिन्यातल्या पिचकाऱ्यांपेक्षा मला या गप्प राहण्याची शिसारी येते.

त्यांनी हात पुसले आणि पेन मागितलं. गुडघ्यावर कागद ठेवून एकेक अक्षर जपून काढत सही केली. मग कागद माझ्याकडे देऊन म्हणाले, "शेंगा खा. गोड आहेत."

उत्तर गेलं. फाईल बंद झाली. वर्षअखेरीला मला बढतीही मिळाली, आणि मी ऑफिसात पेढे वाटले. साहेबांनी दोन घेतले.

पण निवेदनावर पत्ता होता, आणि त्याची प्रत त्या शिक्षकांना गेली होती. थंडीतल्या एका रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात माकडटोपी घातलेला एक वयस्कर माणूस, काखेत जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला अल्बम. गाझियाबादहून दोन बस बदलून ते आले होते. तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती.

"जिन्होंने खुद देखा है, उनके दर्शन करने आया हूँ," ते म्हणाले.

बाबा उठून उभे राहायच्या आतच त्यांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. दोघे जवळपास एकाच वयाचे असतील. बाबा मागे सरकले, पण मागे दिवाण होता.

शिक्षकांनी आधी माफी मागितली. आपण फोटोवर विसंबलो, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसावर शंका घेतली, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. जुन्या मासिकातला तो फोटो ते सोबत घेऊन आले होते. "ये शायद पहले का होगा," असं म्हणून त्यांनी तो आमच्यापुढे ठेवला. काळं धुराडं, वर पांढरा पट्टा. बाबांनी तो फोटो हातात घेतला. चाळीसेक वर्षांनी ते आपली बोट बघत होते. त्यांचा अंगठा धुराड्याच्या खाली, जहाजाच्या पोटावर टेकला होता आणि हलत नव्हता.

मी चहा आणि चिवडा घेऊन उभी होते. मला अजूनही बोलता आलं असतं. माझ्याच घरात, माझ्याच बापासमोर, एका सज्जन माणसाला खरं सांगायला कोणती लिस्ट आडवी येत होती? बढती तर मिळून गेली होती.

शिक्षकांनी अल्बम उघडला. त्या पानावर आमचं तिकीट मधोमध लावलेलं होतं आणि खाली ओळ मोकळी ठेवली होती. त्यांनी पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं.

"बाबूजी, एक बात और. आप किस चिमनी के नीचे काम करते थे? आगेवाली या पीछेवाली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी माझ्या हातून काही सांडलं की शेजारणीसमोर "माझ्याच हातून सांडलं" म्हणायच्या आधी ते असेच बघायचे.

"पीछेवाली," ते म्हणाले.

शिक्षकांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. खाली तारीख घातली. चहा संपवला, पुन्हा वाकून पाया पडले आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून लगबगीने निघाले. तो जुना फोटो ते आठवणीने अल्बममध्ये ठेवून घेऊन गेले. आमच्याकडे ठेवा म्हणायचं मला सुचलं नाही.

मी कपबशा उचलल्या. बाबा बाथरूममध्ये गेले. गीझर लावायची आठवणही त्यांना राहिली नसावी. दिल्लीच्या त्या कडाक्याच्या थंडीत, बर्फासारख्या पाण्याने, ते बराच वेळ आपले पाय धूत राहिले.